साइडपट्टीवरचे दादा

आमच्या द्रुतगती रस्त्यावर गाडी थांबवायला बंदी आहे. टायर फुटला, इंजिन बंद पडले, कुणाला छातीत दुखू लागले, अपघात झाला, तर कडेच्या साइडपट्टीवर थांबता येते; एरवी नाही. रस्त्यावर चढतानाच हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे, पुढेही जागोजागी लिहिलेले आहे, आणि तरीही लोक थांबतात. ते का थांबतात हे ज्याला सगळ्यात चांगले ठाऊक आहे, त्या माणसाबद्दल मला लिहायचे आहे.

त्याला आम्ही सगळे शंकू म्हणतो. गस्तीच्या गाडीत तो रस्त्यावर मांडायचे नारिंगी शंकू घेऊन फिरतो, आणि स्वतःही तसाच आहे: बुटका, खाली रुंद, वर निमुळता, अंगात नारिंगी जाकीट. हे नाव आमच्यापैकी कुणी ठेवले असावे असा माझा समज होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते बायकोने ठेवले आणि कार्यालयाने फक्त मंजूर केले.

मी त्याच रस्त्याच्या देखभाल कार्यालयात हिशेब सांभाळतो. माझ्या टेबलामागे प्लायवूडचे पार्टिशन आहे आणि पलीकडे कंट्रोल रूम. त्यामुळे वायरलेसवरचे सगळे बोलणे, इच्छा असो वा नसो, माझ्या कानावर येते. बेरीज जुळत आलेली असते तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ‘ट्रक, मागचा टायर, चालक झोपलाय’ असे सांगते आणि मला वरून सुरुवात करावी लागते. इतक्या वर्षांत तक्रार मात्र केली नाही. वायरलेस नसता तर ते कार्यालय फार कंटाळवाणे झाले असते.

शंकूचे काम ऐकायला सोपे आहे. नेमून दिलेल्या टप्प्यात फिरत राहायचे. थांबलेली गाडी दिसली की तिच्यामागे आपली गाडी लावायची, शंकू मांडायचे, माणसांना कठड्यापलीकडे उभे करायचे आणि मग कारण विचारायचे. हा क्रम तो मोडत नाही. कुणी गाडीत बसूनच खिडकीतून वाद घालू लागला, तर तो ऐकू येत नसल्यासारखा कानामागे हात धरतो आणि कठड्याकडे बोट दाखवतो. कठड्यापलीकडे गेले की त्याला सगळे ऐकू येते.

कारणे एकेक असतात. एक गृहस्थ आरशात बघून दाढी करत होते. एका कुटुंबाने चटई पसरली होती; त्यांनी शंकूलाही बसायचा आग्रह केला. एका बाईंना समोरचा डोंगर आवडला होता. एक जावईबापू सासऱ्यांना फोनवर ‘पोचलोच’ असे सांगण्यासाठी थांबले होते, कारण चालत्या गाडीत फोन घेऊ नये एवढा नियम त्यांना पक्का ठाऊक होता. एकदा एक जोडपे भांडून उतरले होते. बायको साइडपट्टीवरून तरातरा चालत निघाली होती आणि नवरा पहिल्या गिअरमध्ये तिच्यामागून गाडी आणत होता. शंकूने बाईंना आपल्या गाडीत बसवले, नवऱ्याला मागून यायला सांगितले, आणि पुढच्या विश्रांतीथांब्यावर भांडायला सावली आहे, बाकडीही आहेत, असे दोघांना समजावले. तिथे पोचेपर्यंत बाईंचे त्याला नवऱ्याचे अर्धे दुर्गुण सांगून झाले होते. उरलेले अर्धे सांगितल्याशिवाय त्या उतरायला तयार होईनात.

तो कुणावर डाफरत नाही. यजमानाने पाहुण्यांना पानावर बोलवावे तशा आवाजात ‘चला’ म्हणतो आणि लोक निघतात.

टोचन लावायचे झाले तर मात्र एक जादा नियम आहे. मध्यंतरी एका बंद गाडीला आमच्या माणसाने टोचन लावले, ओढताना तिचा बंपर निखळला, आणि मालकाने हात वर केले: मी मदत मागितलीच नव्हती. प्रकरण बरेच चिघळले. त्याची सगळी कागदपत्रे माझ्याच टेबलावरून गेली. तेव्हापासून असे ठरले की, टोचन लावण्याआधी गस्तीवाल्याने ‘आपल्याला मदत हवी आहे का’ असे विचारायचे आणि चालकाने स्वतःच्या तोंडाने, वायरलेसवर, ‘हो, मला मदत हवी आहे’ असे सांगायचे. कंट्रोल रूमने ते ऐकले की मगच हुक लागतो. बहुतेक लोक हे वाक्य इतक्या घाईने म्हणतात की प्रश्नही पुरा होत नाही. ते कुणाला जड जाईल, असे नियम करणाऱ्यांच्या मनात आले नसावे. त्यांनी शंकूच्या थोरल्या भावाला पाहिलेले नव्हते.

हे दादा म्हणजे शहरातले जुने मोटार-शिक्षक. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली आहे. मलाही, आणि माझ्या मुलीलाही. वडील लवकर गेले, तेव्हा शंकू शाळेत होता. दादांनी त्याला वाढवले, स्वतःच्या हाताने स्टिअरिंग धरायला शिकवले, आणि तो मोठा झाल्यावर दुसरी गाडी घेऊन तिच्यावर त्याला शिक्षक म्हणून बसवले. दोघांचे चांगले चालले होते. दादांची गाडी शिकवायची एक खास पद्धत होती. गाडी चालवता कुणालाही येते, थांबवता आली पाहिजे, असे त्यांचे मत. पहिला आठवडाभर विद्यार्थी फक्त थांबायला शिकायचा. चढावर, उतारावर, भिंतीसमोर, म्हशीसमोर. दादांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असे आणि तो ते इतक्या शांतपणे दाबत की विद्यार्थ्याला वाटे, आपणच थांबलो.

त्यांच्या गाडीतला पेट्रोलचा काटा केव्हाच अर्ध्यावर अडकून बसला होता. तो दुरुस्त करायची गरज कुणाला वाटली नाही, कारण त्या शाळेत पेट्रोल विद्यार्थ्यांवर मोजत. एक विद्यार्थी म्हणजे अर्धा तास. आज आठ विद्यार्थी आहेत, तर आठ विद्यार्थ्यांचे पेट्रोल टाकायचे आणि वर एक कच्च्या विद्यार्थ्याचे, कारण तो गाडी सारखी बंद पाडतो. पंपावरचा माणूससुद्धा ‘आज किती पोरं?’ असेच विचारायचा. हा हिशेब वर्षानुवर्षे चुकला नाही. हिशेबाचा माणूस म्हणून मला त्याचे कौतुकच वाटत असे.

मग आमचा रस्ता झाला आणि गस्तीसाठी चालक हवेत अशी जाहिरात आली. शंकूने अर्ज केला, परीक्षा दिली, निवड झाली, जाकीट मिळाले, आणि यातले काहीही त्याने दादांना सांगितले नाही. दादांना ते एका विद्यार्थिनीकडून कळले, तेही मैदानात गाडी मागे घेताना. त्या संध्याकाळी दोघांचे जे बोलणे झाले ते फार लांबले नाही. ज्या रस्त्यावर थांबता येत नाही तो रस्ताच नव्हे, असे दादा म्हणाले. पुढे म्हणाले की, मदत लागली तर तूच माझ्याकडे येशील. मी काही तुझ्याकडे यायचा नाही. शंकू म्हणाला, नको येऊस. एवढ्यावर बारा वर्षे गेली.

या बारा वर्षांत दादा आमच्या रस्त्यावर चढले नाहीत. कुठेही जायचे तर जुन्या रस्त्याने, सगळ्या गावांतून, सगळ्या गतिरोधकांवरून. दोन्ही घरांतल्या बायकांचे येणे-जाणे चालू होते. त्यांना नवऱ्यांचे भांडण चालवायला वेळ नव्हता. आई शंकूकडे राहते. दादा तिला भेटायला नेमाने येत, पण शंकू कामावर असेल तेव्हाच. त्यासाठी शंकूच्या पाळ्या त्यांना पाठ होत्या. कधी पाळी बदलली तर शंकू आधी बायकोला कळवायचा, बायको जावेला, जाऊ दादांना. एकदा आमच्या साहेबांनी त्याला अचानक दुसरी पाळी दिली, तेव्हा तो साहेबांपुढे उभा राहून म्हणाला की, घरी विचारावे लागेल. साहेबांना वाटले, बायकोला घाबरतो.

आईने हे बरीच वर्षे चालू दिले. एक उठून गेला की दुसरा येतो, तेव्हा मला दोन मुलगे आहेत की एकच कपडे बदलून येतो, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. दादांच्या मुलीला मुलगी झाली, तेव्हा मात्र तिने आपला हुकूम काढला. ही नात दुसऱ्या शहरात असते, आमच्या रस्त्याच्या पार टोकाला. पणतीला बघायला आई येणार होती, पण दोन्ही मुलगे एका गाडीतून नेतील तरच. दादांनी एकट्याने न्यायची तयारी दाखवली. ती नाही म्हणाली. शंकूने दाखवली, तरी नाही. बाळाचे फोटो आणून दिले तर तिने ते पालथे ठेवले. फोटोत बघितली तर प्रत्यक्ष बघायची हौस जाईल, असे तिचे म्हणणे.

शंकूला या गोष्टीने फार लागले. आईचे वय झालेले. गुडघ्यांमुळे ती जिना कशीबशी उतरते. आणखी वर्षभराने तिला एवढा प्रवास झेपेलच याची खात्री नव्हती. तिची पणती बघायची राहिली तर ते आपल्यामुळे, असे तो डबा खाताना मला एकदा म्हणाला. मी म्हणालो, मग जा की दादांकडे. तो म्हणाला, गेलो होतो. दारापर्यंत गेला होता, दादा आत शिंकलेले ऐकले होते, आणि परत आला होता.

तर आता त्या दिवसाची गोष्ट.

जुन्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला होता. दादांना आणि वहिनींना मुलीकडे जायचे होते. बाळासाठी शिवलेले कपडे, दुपटी, पाळण्यावरचे खेळणे असे बरेच सामान बरोबर होते. दुसरा मार्ग नव्हता. दादा आमच्या रस्त्यावर चढले, आणि शंकूची पाळी सकाळची आहे हे ठाऊक असल्याने मुद्दाम दुपारी चढले. शंकूच्या एका सहकाऱ्याच्या दाताला ठणका लागला होता, म्हणून शंकू त्याच्या जागी दुपारी थांबला आहे, हे घरी कळायला अजून तासभर होता.

माझ्या टेबलामागून शंकूचा आवाज आला: “एक गाडी थांबलेली. पांढरी. छतावर बोर्ड आहे.” कंट्रोल रूममधल्या बाईंनी विचारले, कसला बोर्ड. मग तो म्हणाला, “मोटार स्कूलचा.” त्याचा आवाज ऐकून मी पेन्सिल खाली ठेवली.

पुढचे जे मी सांगतो आहे, त्यातले काही वायरलेसवर ऐकलेले आहे आणि काही शंकूने आणि वहिनींनी नंतर सांगितलेले. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही. वहिनींच्या सांगण्यात दादा थोडे जास्त हट्टी आहेत, एवढेच.

शंकूने क्रम मोडला नाही. गाडी मागे लावली, शंकू मांडले, आणि कठड्याकडे बोट दाखवले. वहिनी लगेच उतरल्या, पिशव्यांसकट कठड्यापलीकडच्या गवतावर जाऊन बसल्या आणि हात हलवून त्याची विचारपूस करू लागल्या. दादा खिडकीची काच वर करून समोर बघत बसले. मग एक मोठा कंटेनर जवळून गेला, त्या वाऱ्याने गाडी हलली, छतावरचा बोर्ड खडखडला, तेव्हा ते उतरले. कठड्यापलीकडे आले. दोन्ही भाऊ समोरासमोर उभे राहिले.

इथे शंकूने जे केले त्यावर वहिनी अजून हसतात. त्याला काय बोलावे सुचेना, म्हणून तो रोजचेच बोलला. “नमस्कार. आपण इथे का थांबला आहात?”

“आपल्याला काय करायचंय?” दादा म्हणाले.

“इथे विनाकारण थांबता येत नाही.”

“विनाकारण नाही थांबलेलो. गाडी जरा विसावा घेते आहे.”

विसाव्यासाठी पुढे जागा आहे, असे शंकूने सांगितले. दादा म्हणाले, ती पुढे गेल्यावर बघू. शंकूने विचारले, गाडी सुरू होते आहे का. दादा म्हणाले, ती सुरू करायची की नाही हे चालकाने ठरवायचे असते. वहिनी गवतावरून म्हणाल्या की, ती सुरू होत नाहीये, यांनी दहा वेळा किल्ली फिरवली. दादांनी त्यांच्याकडे असे पाहिले की एरवी कुणीही गप्प बसले असते. वहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिराला दिली.

इकडे बाई विचारत होत्या, कारण काय लिहू. नियमाप्रमाणे शंकूपुढे दोनच वाटा होत्या. चालकाने मदत हवी म्हटले तर टोचन. नाही म्हटले तर विनाकारण थांबणे, आणि मग पोलिसांना कळवणे. त्याने वायरलेस हातात घेतला, कळ दाबली आणि नियमातले वाक्य म्हटले: “आपल्याला मदत हवी आहे का?”

दादा रस्त्याकडे बघत राहिले. आमच्या बाजूला पार्टिशनजवळ आता तिघेचौघे जमले होते. शिपाई ट्रे घेऊन तसाच उभा. शंकूचे घरचे प्रकरण सगळ्यांना ठाऊक होते. त्याच्या पाळ्यांच्या भानगडी सगळ्यांनी सोसल्या होत्या.

शेवटी वायरलेसवर बाईमाणसाचा आवाज आला. वहिनींनी तो दिराच्या हातातून घेतला होता. “हो हो, हवी आहे मदत. लवकर करा, बाळ झोपायच्या आत पोचायचंय.”

“आपण चालक आहात का?” बाईंनी विचारले.

“चालक माझे यजमान आहेत.”

“मग त्यांनाच सांगावं लागेल, ताई.”

“ते नाही सांगायचे. मी त्यांच्याबरोबर राहते, मला माहीत आहे.”

बाई म्हणाल्या, नियम आहे. वहिनी म्हणाल्या, नियम करणाऱ्याला माझ्याकडे चार दिवस राहायला पाठवा. मग वायरलेस पुन्हा शंकूकडे गेला.

शंकू काही वेळ गाडीकडे बघत उभा होता. बॉनेटमधून वाफ नाही, खाली तेल सांडलेले नाही, टायर चारही ठीक. त्याने दादांकडे वळून विचारले आणि या वेळी नियमातली भाषा विसरला.

“दादा, किती विद्यार्थ्यांचं टाकलं होतंस?”

दादांनी मान दुसरीकडे वळवली. मग हळूच म्हणाले, “चार.”

“आणि?”

“आणि एक कच्चा.”

दोन तासांचा प्रवास, म्हणून चार विद्यार्थी. मैदानात अर्ध्या तासात एखादा विद्यार्थी गाडी भिंतीपासून झाडापर्यंत नेतो आणि परत आणतो. आमच्या रस्त्यावर अर्ध्या तासात गाडी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाते. बारा वर्षे या रस्त्याचे नाव न घेतलेल्या माणसाच्या हे ध्यानात येणे शक्य नव्हते, आणि जगात दुसरा एकच माणूस होता ज्याला ही चूक न सांगता कळली असती. तो समोर नारिंगी जाकीट घालून उभा होता.

शंकूला हसू येत होते. ते दाबायला त्याने खाली मान घातली. खांदे हलायला लागले. वहिनींनी विचारले, रडताय का भाऊजी. तेव्हा त्याला आवरेना. दादा आधी रागाने बघत होते. मग त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हलले. “कच्चा विद्यार्थी कोण ते कळलं आज,” असे ते म्हणाले, आणि हात पुढे केला. वायरलेससाठी.

“हो, मला मदत हवी आहे.”

नेमका तेव्हाच एक टँकर गेला. बाई म्हणाल्या, “ऐकू नाही आलं. परत सांगता का?”

दादांनी परत सांगितले. बाईंना शब्द कळले, पण नियमाप्रमाणे कोण बोलतेय तेही सांगावे लागते, असे त्या म्हणाल्या. मग दादांनी, मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या विद्यार्थ्याला हाक मारावी तशा आवाजात सांगितले: “मी चालक बोलतोय. मला मदत हवी आहे. माझ्या भावाची.”

शिपायाने ट्रे माझ्या टेबलावर ठेवला. बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला, कारण तो विचारायचाच असतो: थांबण्याचे कारण.

शंकूने वायरलेस घेतला आणि इंधनपुरवठ्यात काहीतरी बिघाड दिसतोय, असे सांगू लागला. मोटार-शिक्षकाच्या नावापुढे दुसरे काय लिहायचे, असा त्याचा विचार. दादांनी त्याचा हात धरला. “खोटं नको. पेट्रोल संपलं म्हणून सांग. चालकाच्या चुकीनं.” मग स्वतःच ते सांगितले. अशा वेळी समज द्यायची एक ठरलेली ओळ बाईंपुढे चिकटवलेली आहे. त्यांनी ती वाचली: वाहनचालकाने प्रवासाला निघण्यापूर्वी इंधनाची खात्री करावी.

“बरोबर आहे,” दादा म्हणाले. “पहिल्या दिवशी मी हेच सांगतो.”

हुक लागला. ओढल्या जाणाऱ्या गाडीत कुणी बसायचे नसते, म्हणून तिघेही शंकूच्या गाडीत बसले. वहिनी आणि पिशव्या मागे, दादा पुढे. पुढच्या पंपापर्यंतचा टप्पा फार मोठा नाही. पण शंकू सांगतो की, तेवढ्यात दादांनी त्याची सगळी परीक्षा घेतली. आरसा नीट नाही. टोचन मागे असताना एवढा वेग कशाला. पुढच्या ट्रकपासून अंतर राख. त्यांचा पाय पुढच्या पत्र्यावर सारखा दाबला जात होता, जिथे ब्रेक नव्हता. एकदा समोरची मोटार जराशी मंदावली तेव्हा दादांनी पाय असा दाबला की सीटच मागे सरकली आणि वहिनींच्या मांडीवरची पिशवी पडली.

वहिनींनी पिशवी उचलून परत मांडीवर घेतली. मग दादा म्हणाले, “मला आधी सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?”

“नाही.”

“मग?”

“तरी सांगायचं.”

शंकूने मान डोलावली. चुकलं, म्हणाला. दादा खिडकीबाहेर बघत होते. साइडपट्टीवर कुणीतरी गाडी थांबवून फोटो काढत होते. दादांनी बोट दाखवून विचारले, हे चालतं का. शंकू म्हणाला, नाही चालत. टोचन मागे असल्यामुळे त्याने वायरलेसवर फक्त जागा सांगितली. “रोज असे किती थांबतात?” दादांनी विचारले. शंकूने दाढीवाल्याची गोष्ट सांगितली, मग जावईबापूंची. दादांना भांडणाऱ्या जोडप्याची सगळ्यात आवडली. त्यातला नवरा पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा दाबून चालवत होता की पुरा, एवढीच शंका त्यांनी विचारली.

पंपावर टाकी पूर्ण भरली. दादांनी इतक्या वर्षांत प्रथमच विद्यार्थ्यांऐवजी लिटरमध्ये पेट्रोल मागितले, असे वहिनी सांगतात. निघताना दादांनी गाडीत बसून काच खाली केली. इंजिन सुरू ठेवून ते तसेच बसून राहिले, मागे दोन गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, तरी. शंकूने सवयीने ‘चला’ म्हणायला तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मागच्या चालकाने हॉर्न वाजवला, तेव्हा दादा म्हणाले, “मंगळवारी तुला सुट्टी आहे. आईला तयार राहायला सांग.”

मंगळवारी सगळे गेले. गाडी दादांची, जाताना दादांनी चालवायची आणि येताना शंकूने, अशी वाटणी आईने करून दिली होती. ती मागे दोन सुनांच्या मध्ये बसली, कारण तिथून दोघांचेही डोके दिसते. दादा आतापर्यंतच्या सवयीने अगदी कडेच्या मार्गिकेतून चालले होते आणि ट्रकसुद्धा त्यांना मागे टाकून जात होते. शंकू त्यांना वेग वाढवायला सांगत होता, दादा त्याला गप्प बसायला सांगत होते. बारा वर्षांचे बोलायचे राहिलेले सगळे त्यांनी वेगावरून बोलून घेतले, असे शंकूच्या बायकोचे म्हणणे. मध्येच आईला उजवीकडे एक तळे दिसले. त्यावर पांढरे पक्षी उतरत होते. आई म्हणाली, जरा थांबवा रे, नीट बघू दे.

“आई, इथे थांबता येत नाही,” दोघेही एकदम म्हणाले. एकाच आवाजात, एकाच चालीवर.

मागे सुना हसायला लागल्या. आई तळे मागे जाईपर्यंत बघत राहिली आणि मग म्हणाली, बरं, नका थांबवू. तिचा आवाज अजिबात रुसलेला नव्हता.

पोचल्यावर बाळ झोपलेले होते. आईने तिला मांडीवर घेतले. बाळाने एकदा एक डोळा उघडला, पणजीकडे पाहिले आणि पुन्हा मिटला. आई तासभर तशीच बसून होती. निघताना नातीने विचारले, झाली का हौस. आई म्हणाली, कुठली, एकच डोळा बघितला. दुसरा बघायला परत यावं लागेल. आणि गाडीत बसताना तिने दोन्ही मुलांना पुढची तारीख ठरवायला सांगितले. या वेळी ती पुढच्या सीटवर बसली. मागे कुणी कुठे बसायचे यावरून दादा आणि दोन्ही सुना यांच्यात बराच वेळ बोलणे झाले, आणि तेवढ्यात शंकूने आरसा नीट करून घेतला.